हातात धरलेली सायकल

छपन्नाव्या वर्षी मी सायकल शिकले, तीसुद्धा भांडून.

माझा नवरा लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता. आठवडाभर तिकडे खोली करून राहायचा आणि सुट्टीला रत्नागिरीत घरी यायचा. रिटायर होऊन कायमचा घरी आला तो हत्यारांची पेटी घेऊनच. पहिल्या महिन्यात त्याने मिक्सर खोलला, पंखा खोलला, शेजारणीचं शिलाई मशीन खोललं. माझ्या मिसळणाच्या डब्याची कडी खोलायला बसला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, बाहेर काहीतरी उद्योग शोधा, नाहीतर मी तुम्हालाच खोलून ठेवीन." दुसऱ्या दिवशी हा माणूस दोन जुन्या सायकली घेऊन दारात हजर. एक त्याला, एक मला. माझी बायकांची, मधला दांडा नसलेली, मागे भक्कम कॅरिअर.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"माहितेय. म्हणून तर आणली."

"या वयात पडले आणि हाड मोडलं तर?"

"मी फिटर आहे."

आता अशा माणसाशी काय बोलायचं! रोज पहाटे, मी कचेरीत जायच्या आधी, आम्ही शाळेच्या मैदानावर जायचो. तो मागून सीट धरायचा, मी ओरडायचे, "सोडू नका हां, सोडलंत तर बघा!" आणि तो धापा टाकत म्हणायचा, "नाही सोडलं, नाही सोडलं." एका सकाळी मी मैदानाची अख्खी फेरी मारली आणि वळून बघते तर स्वारी मैदानाच्या दगडी गडग्यावर बसून थर्मासमधला चहा पीत होती. मी उतरले, त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग तिथंच मातीत बसून रडले. नवरा घाबरला. "लागलं का गो?" म्हणून गुडघे बघायला लागला. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. ही सायकल मला बारा वर्षांची असताना हवी होती, त्याचं ते रडू होतं.

माझं माहेर जयगडच्या खाडीकडच्या एका वाडीत. बाबा प्राथमिक शिक्षक. वाडीतले पहिले शिक्षक तेच आणि वाडीतली पहिली सायकलही त्यांचीच. मुंबईला गिरणीत, गोदीत कामाला असलेल्या आमच्या वाडीच्या माणसांनी वर्गणी काढून ती घेतली, एसटीच्या टपावर घालून आणली आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला सगळ्या गावासमोर हार घालून बाबांना दिली. काळी, उंच, पितळी घंटीची. बाबांची शाळा सड्यापलीकडच्या, वरच्या कातळाच्या माळापलीकडच्या गावात होती. रोज सकाळी पॅंटला क्लिप लावून, हँडलला पिशवी अडकवून, सायकल हातात धरून ते घाटी चढायचे आणि वर सड्यावर दिसेनासे व्हायचे. संध्याकाळी तसेच सायकल हातात धरून खाली यायचे. आमच्या घाट्याच तशा. चढताना दम जातो, उतरताना जीव. रविवारी साखळीला तेल, घंटीला चिंच, मडगार्डला फडकं. इतकी जपून वापरली की वर्षानुवर्षं टायरसुद्धा झिजला नाही. "वस्तू वापरावी तर गुरुजींसारखी," असं वाडीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या.

सातवी झाले आणि हायस्कूल लांब पडायला लागलं, तेव्हा मी बाबांना म्हटलं, "मला सायकल शिकवा."

"नको," बाबा म्हणाले.

बस्. एवढंच. घरोघर जाऊन मुलींना शाळेत घाला म्हणून सांगणारे माझे बाबा! मी विचारलं, "मुलगी आहे म्हणून नको?" तर फडकं उचललं आणि घंटी पुसत बसले. तीन वर्षं मी हायस्कूलला चालत गेले आणि प्रत्येक चढावर त्यांच्यावर चिडले. पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, ते सगळं त्यांच्याच जोरावर, हे मला ठाऊक आहे. पण तो 'नको' काही गळ्याखाली उतरला नाही. बाकी सगळं माफ, तेवढं नाही.

सायकल यायला लागली तसे आम्ही नवरा-बायको मोकाट सुटलो. नवऱ्याने नियमच केला, ज्या रस्त्यावर दोन एसट्यांच्या मध्ये तिसरी गाडी येत नाही, तोच आपला रस्ता. असे रस्ते आमच्याकडे ढीगभर आहेत, हे मला जन्मभर इथं राहून माहीत नव्हतं. हायवे सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना गडगे, गडग्यांमागे आंब्या-काजूच्या बागा आणि रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेली गुरं. हॉर्न नाही की धूर नाही. आपल्याच साखळीचा आवाज ऐकू येतो आणि कुठल्या घरात कसली फोडणी पडली ते कळतं. एकदा ओळखीच्या टेम्पोत सायकली टाकून संगमेश्वरला गेलो. कसब्याच्या जुन्या दगडी देवळांमधून हळूहळू फिरलो, नदीच्या काठाने आतल्या वाड्या पालथ्या घातल्या. त्या काळ्या दगडातलं कोरीवकाम बघत बघत मी सरळ एका उडवीत घुसले. भाताच्या पेंढ्याची होती म्हणून वाचले. उडवीची मालकीण आली, मला बाहेर ओढलं, केसांतला पेंढा काढला आणि आधी काय विचारावं? "चाय घेणार की सरबत?"

आमच्याकडे रस्त्याने कुणी मुकाट्याने जाऊच शकत नाही. गाडीतून जाणाऱ्याला लोक सोडतात, सायकलवाल्याला नाही. "कुठं चाललात?" "कुणाकडचे?" "माहेर कुठलं?" तीन प्रश्नांत नातं निघतं आणि चौथ्याला कॅरिअरला काहीतरी बांधलं जातं. सकाळी रिकामे निघालेले आम्ही दुपारी भोपळा, कोकमाच्या आगळाची बाटली, सुकटाची पुडी असं घेऊन परतायचो. नवरा म्हणायचा, "आपण सायकलिंग करतो की फेरीवाल्यासारखी फेरी मारतो?" पण इतकं हसू मला किती वर्षांत आलं नव्हतं. कचेरीतल्या बायका विचारायच्या, कसलं क्रीम लावतेस गो? मी म्हणायचे, घाम.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं नव्हतं. मुद्दामच. आई गेल्यापासून ते वाडीत एकटे राहतात, शेजारची चुलत वहिनी जेवणाखाणाचं बघते. रत्नागिरीला चला म्हटलं की म्हणतात, "तिथं मला कोण गुरुजी म्हणणार?" चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले. गेल्या वर्षापासून डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, मधलं पुसट होत जाईल, कडेचं राहील. वाचन आधीच सुटलं होतं. मग दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला, "गुरुजी चहा कपाच्या बाजूला ओततात हल्ली." त्या दिवशी बाबांशी बोलताना काही सुचेना म्हणून मी बोलून गेले, "बाबा, मी सायकल शिकले."

"खरंच?" बाबा म्हणाले. "वर बसून चालवतेस?"

"मग काय, खाली बसून चालवतात?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मला बघायचंय. लवकर ये, बाय. आता रोज थोडं थोडं जातंय."

फोन ठेवला आणि मी नवऱ्याला सांगितलं, येत्या रविवारी मी सायकलने माहेरी जाणार. चाळीसच्या वर किलोमीटर आहे, म्हणाला, मध्ये केवढे चढ आहेत, मे महिन्यापर्यंत तयारी करू. मी म्हटलं, "मे महिन्यात ते बघू शकतील का?" त्यावर त्याने पेटी काढली आणि माझ्या सायकलचे ब्रेक खोलून बसला.

खरं सांगते, माझ्या मनात दोन्ही होतं. बाबांनी मला बघावं, डोळे आहेत तोवर बघावं, यासाठी जीव तुटत होता. आणि 'बघा, तुम्ही नको म्हणालात, तरी आले की नाही', हेही होतं. माणूस काही एका रंगाचा नसतो.

डिसेंबरातली थंडी होती. उजाडता उजाडता निघालो. शिरगाव, बसणी मागे पडलं, आरे-वारेच्या चढावर सूर्य वर आला. खाली समुद्र, वर आम्ही, आणि मधे चिटपाखरू नाही. पर्यटक अजून अंथरुणात होते. मी उतारावर ब्रेक सोडले आणि मोठ्याने ओरडले, नुसतीच ओरडले, शब्दबिब्द काही नाही. मागून नवरा बोंबलतोय, "ब्रेक! ब्रेक लाव गो बये!" नेवऱ्याला टपरीवर गरम भजी खाल्ली, मालगुंड सोडलं, वरवड्याला सुकत घातलेल्या मासळीचा वास छातीभर घेतला. बंदराकडे जाणारे मोठे ट्रक दुसऱ्या रस्त्याने जातात, आम्ही आतल्या रस्त्याने. पुढे सडा लागला. पिवळं पडलेलं गवत, उघडा कातळ, मधूनच मोहोर आलेली कलमं. चढ आला की उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं. समोरून येणारा एखादा म्हणायचा, "सायकलनं आलात? रत्नागिरीतनं? शाब्बास!" आम्ही घामाघूम होऊन सायकली ढकलतोय आणि हा शाब्बास म्हणतोय. आमच्याकडे सायकल हातात धरून चालणारा माणूसही सायकलवालाच.

आणि मग, घर दीड मैलावर आलं असताना, मी घोटाळा केला. सड्यावर रस्ता मोठा वळसा घेतो. एक म्हातारे काका काजूच्या बागेला कुंपण घालत होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "खाडीवर जायचंय ना? मग वळसा कशाला घालता? ही पाखाडी उतरलात की झालं." मी म्हटलं, खरंच की! लहानपणी शेकडो वेळा उतरलेय! आणि वळवली सायकल. नवरा बिचारा मागोमाग. पाखाडी म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्या, हे मला आठवलं ते पहिली पायरी समोर आल्यावर. माझ्या डोक्यातला माहेरचा रस्ता पायांचा होता, चाकांचा नव्हताच कधी.

"मागे फिरूया," नवरा म्हणाला.

"आता मागे? मी मेले तरी फिरणार नाही."

सायकली खांद्यावर घेऊन आम्ही ती पाखाडी उतरलो. शेवाळ, काजूची पानं, मधे झोपलेलं एक मांजर, ते हललं नाही. नवऱ्याचं पेडल माझ्या पाठीत आणि माझ्या शिव्या त्याच्या कानात. खाली पोचलो तेव्हा माझा एक गुडघा फुटला होता आणि ओढणी फाटली होती. पण समोर खाडी होती, बंधारा होता आणि बंधाऱ्यावरचा तो सरळ, सपाट, मोकळा रस्ता होता. आमच्या सबंध गावात सपाट असा तेवढाच तुकडा. मी केस नीट केले, ओढणी गाठ मारून बांधली आणि सायकलवर बसले. आत्तापर्यंत ढकललं, उचललं, काय वाटेल ते केलं, पण घरी पोचायचं ते वर बसून.

बाबा घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. पांढरा सदरा, इस्त्रीचा. मी घंटी वाजवली, ते उठून उभे राहिले. मी थेट त्यांच्या समोरून येत होते, एक हात सोडून हलवतसुद्धा होते, आणि बाबा माझ्याकडेच बघत म्हणाले, "आली का? कुठं आहे?"

माझा पाय जमिनीला टेकला. उशीर झाला, एवढंच मनात आलं.

"समोरच आहे, बाबा."

"समोर नको गो," ते म्हणाले. "समोरचं गेलं सगळं. बाजूनं जा, म्हणजे दिसशील."

नवऱ्याने त्यांची खुर्ची फिरवली. बाबांनी तोंड खाडीकडे केलं, मला त्यांच्या डाव्या हाताला बंधाऱ्यावर पाठवलं आणि मी सायकल चालवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. ते पाण्याकडे बघत बसले होते आणि बघत होते मला. "दिसतेय," ते मोठ्याने म्हणाले. "पाय फिरतायत. ओढणी उडतेय. अगं जोरात, अजून जोरात!" मी छपन्न वर्षांची बाई, फुटक्या गुडघ्याची, शाळकरी पोरीसारखी फेऱ्या मारत सुटले. सात झाल्या की आठ, देव जाणे. थांबले तेव्हा बाबा टाळ्या वाजवत होते आणि त्यांचे गाल ओले होते.

मला राहवलं नाही. दम लागलेला असतानाच म्हटलं, "एवढा आनंद होतोय, मग तेव्हा नको का म्हणालात?"

बाबांनी हात पुढे करून माझी सायकल चाचपली. हँडल, सीट, मग टायर अंगठ्याने दाबून बघितला.

"मला येत नव्हती," ते म्हणाले.

"काय येत नव्हतं?"

"सायकल. मला कधीच आली नाही, बाय."

नवऱ्याने तोंडाला लावलेला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मी म्हटलं, "अहो पण तुम्ही रोज... सड्यावर?"

"सड्यावर एकदा बसून बघितलं. कातळावर आपटलो, कोपर फुटलं. आसपास फक्त गुरं होती म्हणून बरं. त्यानंतर नाही. रोज चालत गेलो आणि चालत आलो. सायकल सोबतीला." मग म्हणाले, "मुंबईच्या माणसांनी पोटाला चिमटा काढून दिलेली. सगळ्या गावासमोर हार घातलेला. त्यांना काय सांगू, येत नाही म्हणून? आणि शिकताना चार लोकांसमोर पडलो असतो, तर पडलं कोण असतं? गुरुजी नाही, वाडी पडली असती. इतर वाड्या बघतच होत्या. मग तुला कसा शिकवणार? दुसऱ्याकडून शीक म्हटलं तर लोक विचारणार, गुरुजी का नाही शिकवत. म्हणून नको म्हटलं. चुकलं माझं. तू चालत जायचीस ते रोज बघत होतो."

न झिजलेला टायर. पॅंटला लागलेली क्लिप आणि जन्मात कधी न लागलेलं ग्रीस. अख्ख्या गावात कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण आमच्या घाटीवर सायकलवर बसलेला माणूस कुणी बघितलाच नव्हता. चव्वेचाळीस वर्षांचा राग माझ्याजवळ होता आणि आता तो ठेवायचा कुठं, हेच मला कळेना. मी हसायला लागले. हसता हसता रडले, बाबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांतली काजूची पानं काढली.

मग मी उठले. "चला," म्हटलं. "बसा."

"कॅरिअरवर?"

"कॅरिअरवर भोपळे बसतात. तुम्ही सीटवर."

नको नको म्हणत होते, पण पाय कधीच पुढे आला होता. दांडा नसलेली सायकल ती, सहज बसले. नवऱ्याने मागून कॅरिअर धरलं, मी बाजूने हँडल धरलं आणि आम्ही बंधाऱ्यावर निघालो. बाबांचे पाय पेडलवर होते, फिरत होते. त्यांचा हात माझ्या हातावर होता आणि ते सारखे हळू आवाजात विचारत होते, "सोडणार नाहीस ना? सोडू नकोस हां." मी म्हटलं, "नाही सोडत, बाबा." मी खरंच सोडलं नाही.

बंधाऱ्याच्या टोकाला वाडीतली एक म्हातारी शिंपल्यांतली कालवं काढत बसली होती. आम्हाला बघून तिनं कोयती खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला.

"काय वो गुरुजी! ह्या वयात परत सायकल?"

बाबांची पाठ ताठ झाली. त्यांनी माझा हात बाजूला केला, अंगठ्याने घंटी वाजवली.

"जुनी सवय," ते म्हणाले. "सुटत नाही गो."

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं नाही. म्हातारी बाजूला झाली आणि आम्ही पुढे गेलो.